विजेचीं हत्यारें आणि तिसरी तार

घर पाहावें बांधून, असें जुनीं माणसें म्हणत. आजच्या शहरवासी गृहस्थाला घर बांधण्याचा प्रसंग क्वचितच येतो; परंतु बांधलेल्या घरांत दुरुस्ती काढण्याचा प्रसंग मात्र दर पांच-सात वर्षांनीं आल्यावांचून राहत नाहीं. स्वयंपाकघराचा ओटा बदलावयाचा असतो, न्हाणीघराला नव्या फरशा बसवावयाच्या असतात, मुलांच्या पुस्तकांकरितां भिंतीला कपाट ठोकावयाचें असतें. ठरल्या दिवशीं सकाळीं सुतार किंवा फरशीवाला दारांत उभा राहतो. त्याच्या पिशवींत पूर्वीं करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट असे. आतां त्यांच्या जोडीला ड्रिल, कटर, ग्राइंडर अशीं विजेवर चालणारीं हत्यारें असतात. उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकतांच तो पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, लाईट कुठून घेऊं?" गृहस्थ वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां भिंतीवरील स्विचबोर्डाकडे बोट दाखवितो, आणि त्याच्या दृष्टीनें तो प्रश्न तेथेंच मिटतो.

वास्तविक तो प्रश्न तेथें सुरू होतो. पिशवींतून निघालेल्या तारेच्या टोकाला पुष्कळदां प्लगच नसतो. तारेचे दोन उघडे पदर सॉकेटच्या दोन भोकांत घालून ते निसटूं नयेत म्हणून वरून आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या असतात. हें दृश्य एकदांहि न पाहिलेलें घर आपल्या शहरांतून विरळाच सांपडेल. हत्यार घरघरूं लागतें, लांकूड कापलें जातें, चार दिवसांनीं सुतार हिशेब करून निघून जातो. कांहीं होत नाहीं. कांहीं होत नाहीं म्हणूनच ही रीत टिकून राहिली आहे. परंतु एरव्हीं कांहीं कां होत नाहीं, आणि ज्या दिवशीं होतें त्या दिवशीं नेमकें काय घडतें, हें समजून घेणें सुशिक्षित घराचें कर्तव्य आहे. कारण सुतार बाहेरचा असला, तरी वीज घरची असते.

विजेची ओळख मुंबईला नवी नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, आणि घाटमाथ्यावरील पाणी अडवून खोपोलीस निर्माण केलेली वीज १९१५ सालीं मुंबईस मिळूं लागली. विजेच्या हत्यारांचा इतिहासहि जवळजवळ त्याच काळांतला. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं आर्थर आर्नॉट यांनीं १८८९ सालीं विजेवर चालणाऱ्या ड्रिलचें पेटंट घेतलें. जर्मनींतील श्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं हातांत धरून चालविण्याचें ड्रिल तयार झालें. पुढें अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा घोडा असलेल्या ड्रिलचें पेटंट १९१७ सालीं मिळालें. आज सुताराच्या हातांत जें ड्रिल दिसतें, त्याचा आकार तेव्हांपासूनचा आहे.

या हत्यारांचें जें वैशिष्ट्य, तीच त्यांच्यांतील धोक्याची जागा आहे. आणि तें वैशिष्ट्य म्हणजे मूठ. दिवा छताला टांगलेला असतो, पंखा डोक्यावर फिरत असतो, शीतकपाट भिंतीशीं उभें असतें. त्यांना माणूस हात लावतो तो क्षणभर. हत्यार मात्र तासन्तास मुठींत आवळून धरलेलें असतें, आणि तेंहि घामेजल्या हातानें. त्याची तार जमिनीवरून ओढली जाते, पायाखालीं तुडविली जाते, दाराच्या फटींत चेंगरते, ओल्या सिमेंटांत लोळते. आंतल्या यंत्रांत लांकडाचा भुसा व दगडाची धूळ शिरते. घरांतील दुसऱ्या कोणत्याहि उपकरणाच्या वाट्याला इतके हाल येत नाहींत, आणि दुसरें कोणतेंहि उपकरण माणूस इतकें घट्ट धरीत नाहीं.

आतां शरीराचें गणित पाहूं जातां असें दिसतें. भारतांतील घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, आणि तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करीत सारखा दिशा बदलीत असतो. माणसाला इजा होते ती त्याच्या शरीरांतून जाणाऱ्या प्रवाहामुळें. प्रवाह मोजण्याचें माप अँपिअर. त्याचा हजारावा भाग तो मिलिअँपिअर. सुमारें १ मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर बोटांना मुंग्या आल्यासारखें वाटतें. प्रवाह वाढत गेला, कीं स्नायू आपोआप आखडतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डाल्झील यांनीं १९४० च्या दशकांत, स्वेच्छेनें पुढें आलेल्या १३४ पुरुषांवर व २८ स्त्रियांवर प्रयोग करून, माणूस किती प्रवाहापर्यंत हातांतील तार आपण होऊन सोडूं शकतो तें मोजलें. पुरुषांच्या बाबतींत ही मर्यादा सरासरीनें १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांच्या बाबतींत सुमारें साडेदहा मिलिअँपिअर भरली. त्यापलीकडे मूठ उघडत नाहीं. मनांत असूनहि सोडतां येत नाहीं, ओरडावें तर आवाज फुटेलच असें नाहीं. ३० मिलिअँपिअरच्या पुढें श्वास कोंडण्याची व हृदय बिघडण्याची भीति सुरू होते. आणि प्रवाह शंभराच्या घरांत जाऊन छातींतून कांहीं क्षण वाहत राहिला, तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसतें थरथरत राहतें, रक्त पुढें ढकलीत नाहीं. मृत्यु येतो तो बहुधा या कारणानें.

६०० वॅटचें साधें ड्रिल चालतांना सुमारें २६०० मिलिअँपिअर प्रवाह घेतें. म्हणजे ड्रिलला जेवढी वीज लागते, तिचा शंभरावा हिस्साहि पुरुषाची मूठ जखडून टाकण्यास पुरेसा आहे. हें ध्यानीं धरलें, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

"आम्हांला कितीदां तरी शॉक बसला, काय झालें?" असें सांगणारे धीट लोक प्रत्येक आळींत असतात. त्यांचें म्हणणें खोटें नसतें, अपुरें असतें. कोरड्या कातडीचा विजेला होणारा रोध मोठा, म्हणजे हजारों ओहम असतो. त्यांतून पायांत कोरड्या चपला असल्या, तर प्रवाह अगदीं थोडा वाहतो आणि माणूस झटका खाऊन सुटतो. तेच हात घामानें वा पाण्यानें भिजलेले असले व पाय ओल्या जमिनीवर असले, तर एकंदर रोध १००० ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला १००० नीं भागलें, कीं उत्तर येतें २३० मिलिअँपिअर. तोच माणूस, तेंच हत्यार, तीच तार. फरक एका तांब्याभर पाण्याचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात खऱ्या. पण विजेच्या पहिल्या दहा लाथा सोसल्या म्हणून अकरावी सोसवेलच, असा हिशेब करतां येत नाहीं.

येथें पुष्कळांना असें वाटतें, कीं घरांत फ्यूज अथवा एमसीबी आहे, तेव्हां कांहीं गडबड झालीच तर ती पडेल आणि वीज बंद होईल. हा समज सर्वांत व्यापक व सर्वांत घातक आहे. एमसीबी कशासाठीं असते? भिंतींतील तारा प्रमाणाबाहेर तापून जळूं नयेत, आग लागूं नये, एवढ्यासाठीं. सॉकेटला १६ अँपिअरची एमसीबी असेल, तर १६,००० मिलिअँपिअर ओलांडले जाईपर्यंत तिला कांहीं वावगें वाटत नाहीं. माणसाच्या देहांतून २३० मिलिअँपिअर वाहत असतील, तर तिच्या लेखीं तो एखादा लहान दिवा लावल्यासारखा प्रकार होय. ती तारांची राखण करते, माणसाची नव्हे.

माणसाची राखण करण्याची पहिली योजना निराळी आहे, आणि ती प्रत्येक घरांत डोळ्यांसमोर असते. तीन पिनांचा प्लग हातांत घेऊन पाहावा. खालच्या दोन पिना सारख्या असतात. एक फेजची, जिच्यांतून वीज येते. दुसरी न्यूट्रलची, जिच्यांतून ती परत जाते. सर्व काम या दोघी करतात. वरची तिसरी पिन जाड व लांब असते, ती अर्थिंगची. तिला जोडलेल्या हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या तारेंतून नेहमीच्या वेळीं कांहींच वाहत नाहीं. ती तार एका टोकाला हत्याराच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते व दुसऱ्या टोकाला, भिंतींतून जात जात, जमिनींत पुरलेल्या पट्टीला किंवा नळीला. ही पिन लांब ठेवण्यांत मोठा विचार आहे. प्लग आंत जातांना ती सर्वांच्या आधीं टेकते आणि बाहेर येतांना सर्वांच्या शेवटीं सुटते. वीज हत्यारांत शिरण्यापूर्वींच संरक्षण हजर असावें, आणि वीज निघून गेल्यावरच त्यानें निघावें, हा त्यांतील हेतु.

समजा, लोखंडी अंगाच्या एखाद्या जुन्या ड्रिलमध्यें तारेचें आवरण घासून गेलें आणि फेजची तार आंतल्या बाजूनें धातूला टेकली. तिसरी तार जागेवर असेल, तर विजेला जमिनीकडे जाण्याचा एक सरळ व मोकळा रस्ता मिळतो. वाटेंतील रोध २ ओहम असेल, तर ११५ अँपिअरचा लोंढा त्या तारेंतून धांवतो, एमसीबी डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पडते, आणि सुतार वैतागून म्हणतो, "लाईट गेली!" त्याचा जीव वांचला हें त्याला कळतहि नाहीं. तिसरी तार नसेल, तर काय होतें? कांहींच होत नाहीं. एमसीबी पडत नाहीं, ठिणगी उडत नाहीं, ड्रिल पूर्वींइतकेंच झकास चालतें. फक्त त्याचें अंग आतां २३० व्होल्टचें झालेलें असतें आणि तें वाट पाहत असतें. कोणी तरी अनवाणी पायानें ओल्या जागेवर उभें राहून त्याला धरण्याची. बिघडलेलें हत्यार बिघडल्याचें सांगत नाहीं, हीच या प्रकारांतील खरी गोम आहे. तें सांगण्याचें काम तिसऱ्या तारेचें. म्हणून काडी ठोकून बसविलेल्या दोन तारा पाहिल्या, कीं तेथें प्लग नाहीं एवढेंच समजूं नये. तेथें सांगणाराच नाहीं, असें समजावें.

ही तार घरोघर कशी नाहींशी होते, तें पाहण्यासारखें आहे. काड्यांचा प्रकार सांगून झालाच. दुसरा प्रकार एक्स्टेन्शन बोर्डाचा. बोर्डावर तीन-तीन भोकांचीं चार सॉकेटें असतात; पण त्याची शेपटी तपासली, तर आंत दोनच पदर निघतात. तिसरें भोक केवळ शोभेचें. असा बोर्ड नुसत्या दोन तारांपेक्षां वाईट. कारण तो संरक्षणाचा भास उत्पन्न करतो. तिसरा प्रकार, दोन भोकांच्या जुन्या सॉकेटांत बसावा म्हणून प्लगची जाड पिनच कापून टाकणें. चौथा प्रकार भिंतीच्या आंतला. जुन्या चाळींतून व घरांतून सॉकेटाला तिसरें भोक असतें, पण त्याच्या मागें तारच पोंचलेली नसते. कोणी हौशी मनुष्य ती नळाच्या पाइपाला बांधून देतो. आज ते पाइप बहुधा प्लॅस्टिकचे असल्यामुळें तो बंदोबस्त फोल ठरतो, आणि पाइप लोखंडी असलाच तर नळाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततें.

पांचवा प्रकार जमिनींतला. अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा व मीठ घालून ओल राखण्याची पद्धत अनेक ठिकाणीं दिसते. वैशाखांत खड्डा सुकला, कीं त्याचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला, तर बिघाडाच्या वेळीं अवघे साडेचार अँपिअर वाहतात. ६ अँपिअरची एमसीबीसुद्धां हालत नाहीं, आणि हत्याराचें अंग तसेंच भारलेलें राहतें. हें सर्व तपासणें घरच्या माणसाचें काम नव्हे. टेस्टर लावून फेज आहे कीं नाहीं एवढें कळतें, अर्थिंग चांगलें आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. त्यासाठीं परवानाधारक वायरमनकडून मापकानें तपासणी करून घ्यावी, आणि ती दुरुस्ती काढण्यापूर्वीं करून घ्यावी.

यावर एखादा जाणकार म्हणेल, कीं अलीकडच्या पुष्कळ ड्रिलांना कारखान्यांतूनच दोन पिनांचा प्लग येतो. मग तीं सगळीं धोक्याचींच काय? तसें नव्हे. अशा हत्याराच्या पाटीवर एका चौकोनाच्या आंत दुसरा लहान चौकोन काढलेला असतो. त्याचा अर्थ, या हत्याराला निरोधक आवरणाचे दोन कोट आहेत. एक कोट ढासळला तरी दुसरा उभा राहतो, म्हणून त्याला अर्थिंगची गरज नाहीं. ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र तिच्या तीन मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. हत्याराचें कवच तडकलें असेल, तर दुसरा कोट गेला असें समजावें. आंत पाणी शिरलें, तर दोन्ही कोटांचा उपयोग संपतो. आणि तारेचें आवरण फाटलें असेल, तर चौकोनाची निशाणी त्या फाटक्या जागेला लागू पडत नाहीं. ज्यावर चौकोनांत चौकोन नाहीं, त्याला तिसरी तार हवीच हवी.

भिंतीला भोक पाडतांना तर हे दोन कोटहि उलट बाजूनें फसतात. तेथें वीज हत्याराच्या आंतून न येतां भिंतींतून येते. प्लॅस्टरखालीं दडलेल्या तारेवर ड्रिलचें पातें आपटलें, तर पातें व पुढचा धातूचा जबडा फेजला लागतो. म्हणून ड्रिल नेहमीं त्याच्या निरोधक मुठीलाच धरावें, पुढच्या धातूवर हात ठेवूं नये. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खालीं आणि त्याच्या पातळींत आडव्या रेषेंत बहुधा तारा गेलेल्या असतात. त्या पट्ट्यांत भोक पाडूंच नये. घर बांधतांना किंवा तारा घालतांना भिंतींचीं छायाचित्रें काढून ठेवलीं, तर पुढें तीं फार उपयोगी पडतात. बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांनीं तारेची कटकट पुष्कळशी दूर केली आहे. परंतु भिंतींतील तारेचा धोका त्यांनाहि चुकलेला नाहीं.

आतां दुसऱ्या योजनेकडे वळावें. तिचें नांव आरसीसीबी. ही पेटी हिशेबनिसासारखी काम करते. फेजमधून जितका प्रवाह बाहेर गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, असा तिचा जमाखर्च असतो. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यांतून नेलेल्या असतात. जाणारा व येणारा प्रवाह सारखा असेल, तर दोघांचे परिणाम एकमेकांना मारून टाकतात आणि कडें स्वस्थ असतें. कोणाच्या देहांतून कांहीं प्रवाह जमिनींत गळूं लागला, तर जमाखर्चांत तूट येते, कडें जागें होतें आणि वीज तोडली जाते. घरांत बसवावयाच्या आरसीसीबीची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. तूट १५० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक असेल, तर तिनें सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत वीज तोडलीच पाहिजे, असा प्रमाण नियम आहे. हृदयाचा एक ठोका पुरा होण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. मूठ सोडण्याची मर्यादा मोजणाऱ्या डाल्झील यांनींच १९६० च्या दशकांत अमेरिकेंत अशा प्रकारचें उपकरण तयार केलें. माणसाची मर्यादा मोजणाऱ्यानेंच तिला कुंपण घातलें.

परंतु हा हिशेबनीसहि सर्वज्ञ नाहीं. एकानें एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरली, आणि जमिनींत कांहीं गळलें नाहीं, तर जमाखर्च बरोबर जुळतो. मग त्याला माणूस आणि दिवा यांत फरक दिसत नाहीं. शिवाय त्याची कळ धुळीनें व गंजानें आंतल्या आंत चिकटूं शकते. म्हणून त्यावर जें चांचणीचें बटन असतें, तें महिन्यांतून एकदां, आणि सुतार कामाला लागण्यापूर्वीं एकदां, दाबून पाहावें. पेटी पडली नाहीं, तर ती त्याच दिवशीं बदलावी. पावसाळ्यांत आरसीसीबी वारंवार पडते म्हणून तिला वगळून वीज थेट घेणारीं घरें कमी नाहींत. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच हाकलण्यांतला हा प्रकार आहे. ती पडते, याचा अर्थ कोठें तरी ओल लागून वीज गळत आहे. शोधावयाची ती जागा. आरसीसीबी आहे म्हणून तिसरी तार नको, असेंहि म्हणूं नये. तार असेल, तर बिघाड होतांच पेटी पडते. तार नसेल, तर कोणाच्या तरी देहांतून तूट आल्यावर पडते. पहिलें अर्थातच बरें.

या सर्वांचा कस लागतो तो फरशीच्या कामांत. फरशी कापतांना धूळ उडूं नये व पातें तापूं नये म्हणून मदतनीस बाटलींतून पाणी ओतीत राहतो. कापणाऱ्याचे हात भिजलेले, पाय चिखलांत, आणि मुठींत १३०० वॅटचा कटर. वीज व पाणी यांची गांठ याहून जवळ क्वचितच पडते. ब्रिटनमध्यें बांधकामाच्या जागीं याच कारणास्तव हातांतील हत्यारांना ११० व्होल्टची वीज देण्याचा प्रघात आहे. त्यासाठीं वापरलेल्या रोहित्राचा मध्यबिंदु जमिनीला जोडलेला असल्यामुळें कोणत्याहि एका तारेचा जमिनीशीं दाब अवघा ५५ व्होल्ट राहतो. आपल्या घरांतून तशी सोय नाहीं. म्हणून फरशीचें काम आरसीसीबीच्या संरक्षणाशिवाय सुरूच करूं देऊं नये. पायांत रबरी बूट असावे, बोर्ड जमिनीवर न ठेवतां कोरड्या स्टुलावर ठेवावा, आणि तारेला जोड द्यावयाचाच असेल तर तो पाण्यापासून दूर असावा. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हा जोड नव्हे, झांकलेली जखम होय.

तारेविषयीं आणखी दोन शब्द. १३०० वॅटचा कटर साडेपांच अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटची तेवढीच मर्यादा. म्हणून असलीं हत्यारें १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच चालवावीं. एका बोर्डावर दोन हत्यारें लावलीं, तर प्रवाह दुप्पट होतो, पण तारेंतील उष्णता चौपट होते, हा भौतिक शास्त्राचा नियम आहे. तार गुंडाळीवर असेल, तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या तारेची उष्णता बाहेर पडूं शकत नाहीं आणि आवरण वितळतें. पातें बदलतांना घोडा सोडला म्हणजे झालें असें समजूं नये, प्लगच उपटावा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला असेल, तर हत्याराचें बटन न्यूट्रलच तोडतें आणि यंत्र थांबलेलें दिसलें तरी आंत फेज उभीच असते. आणि प्लग उपटतांना प्लगला धरावें, तारेला नव्हे. तारेला हिसके दिल्यानें प्लगच्या आंतील जोड सुटतात.

इतकें करूनहि प्रसंग ओढवलाच, तर पहिलीं कांहीं सेकंदें मोलाचीं असतात. चिकटलेल्या माणसाला हात लावूं नये. लावणारा दुसरा बळी होतो. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. म्हणूनच तो कोठें आहे हें घरांतील प्रत्येकाला, मुलांना व आजीलासुद्धां, आधींपासून ठाऊक असावें. स्विच दूर असेल, तर कोरड्या लांकडी पाटावर उभें राहून, कोरड्या लांकडी काठीनें हत्यार किंवा तार दूर सारावी. नंतर श्वास पाहावा. श्वास चालत नसेल, तर एकानें १०८ किंवा ११२ या क्रमांकावर खबर द्यावी व दुसऱ्यानें तत्काळ छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटास १०० ते १२० या गतीनें, सुमारें ५ सेंटिमीटर खोल दाब देण्यास आरंभ करावा, आणि मदत येईपर्यंत थांबूं नये. रुग्ण उठून बसला, बोलूं लागला, तरीहि त्याला डॉक्टरांकडे नेल्यावांचून राहूं नये. हृदयावर झालेला परिणाम बाहेरून दिसत नाहीं.

हें सर्व सुतारानेंच पाहावें, असें म्हणणें सोपें आहे. परंतु तो रोजंदारीचा मनुष्य. आज या घरीं, उद्यां त्या घरीं. काड्या ठोकण्याची विद्या तो हौसेनें शिकलेला नाहीं. ज्या ज्या घरीं तो गेला, त्या त्या घरीं ती चालवून घेतली गेली, म्हणून ती त्याच्या हातीं बसली. प्लगाचा खर्च मजुरींतून वजा जाईल, बोर्ड शोधण्यांत अर्धा तास मोडेल, ही त्याची धास्ती. गृहस्थानें तीन पदरांची, तीन पिनांची, धड स्थितींतील एक एक्स्टेन्शन तार घरांत घेऊन ठेवली आणि कामाच्या पहिल्या दिवशीं आपण होऊन पुढें केली, तर तो आनंदानें ती घेईल. ती तार पुढें वर्षानुवर्षें घरच्याहि उपयोगीं पडेल.

दारांत उभ्या असलेल्या कारागिराला पाणी विचारण्याची, दुपारीं त्याला चहा देण्याची रीत मराठी घरांतून अजून टिकून आहे. "लाईट कुठून घेऊं?" असें त्यानें विचारलें, कीं वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठावें, आरसीसीबीचें बटन एकदां दाबून पाहावें, त्याच्या तारेचें टोक पाहावें, आणि काड्या दिसल्या तर घरची तार त्याच्या हातीं द्यावी. या सर्वाला चहा उकळण्याइतकाच वेळ लागतो.